आपट्याऐवजी प्रिंटर

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत बंद पडलेली यंत्रं घराबाहेर काढायची पद्धत नाही. आमच्याकडचा संगणक, प्रिंटर आणि 'बघू, होईल दुरुस्त' या वर्गातले मोबाईल तर देवघरासमोरच विसावले होते. त्यामुळे रोजची पोथी मी गॅसच्या ओट्याशी उभी राहून वाचत असे. मला देवासमोर एका पाटापुरती जागा हवी होती. याहून मोठा नवस मी बोलले नव्हते.

दसऱ्याच्या आधी सातपूरहून ई-कचऱ्याची गाडी आली. सगळे हौसेने सामान घेऊन खाली उतरले. गाडीवरची राखी सहज म्हणाली, "हे आम्ही उघडतो, काकू. आत तांबं असतं, थोडी चांदी, कणभर सोनंसुद्धा."

अंगणातल्या सगळ्यांनी आपापलं सामान पुन्हा छातीशी धरलं.

"सोनं?" शेजारच्या विमलाबाईंनी गाडीतला मिक्सर परत ओढला. "शुक्रवारची लक्ष्मी बाहेर काढत होते गं बाई!"

"अहो, मिक्सरमध्ये नसतं."

"तू गप. तू नेणारी, तू असंच सांगणार!"

गाडी रिकामी गेली. आमच्या ह्यांनी प्रिंटर कडेवर घेऊन वर आणला.

सेक्रेटरी पुंजाराम पगारे यांनी तातडीने 'सुवर्णगर्भ यंत्र संरक्षण उपसमिती' स्थापन केली. 'भंगार' हा शब्द उच्चारणाऱ्यास समज देण्याचा ठराव झाला. कीबोर्डांना हळदीकुंकू लागलं. चौथ्या मजल्यावरच्या अश्विनच्या लग्नात नवरीच्या अंगावर दोन तोळे आणि एक सीपीयू घालायचं ठरलं.

शेवटी उपसमितीने एक मोबाईल वरवंट्याने उघडला आणि चुरा सोनाराकडे नेला.

"साहेब," सोनार म्हणाला, "असे ढीगभर आणा आणि सोबत कारखाना आणा. एवढ्यात नथीचा टाकासुद्धा लागायचा नाही."

झाली पंचाईत! सामान घरात नको झालं, पण ठरावामुळे त्याला कचराही म्हणता येईना. पगारेंनीच मार्ग काढला. "दसऱ्याला आपण झाडाचं पान सोनं म्हणून देतो. यात तर खरंच सोनं आहे! लहानांनी मोठ्यांना द्यावं."

इमारतीत वयाने सर्वांत मोठी आम्ही दोघं.

दसऱ्याच्या संध्याकाळी पहिल्या आल्या विमलाबाई. मिक्सर माझ्या हातात ठेवून वाकल्या. "सोनं घ्या काकू, सोन्यासारखं राहा."

"अगं, जागा नाही गं घरात."

"दसऱ्याचं सोनं नाही म्हणतं का कुणी?"

मागे कीबोर्ड घेऊन अश्विन. त्याच्या मागे पगारे, कुबड आलेला जुना टीव्ही दोन हमालांच्या डोक्यावर देऊन. जिन्यात रांग लागली होती. मी प्रत्येकाला आशीर्वाद देत होते आणि हे सरकत सरकत बाल्कनीत पोचले होते.

आता देव टीव्हीवर बसतात. मी पोथी जिन्यात वाचते.

परवा राखीची गाडी आली होती. पगारेंनी फाटकावरूनच परत पाठवली. इथे कचरा नाही म्हणाले.

तरी मी धीर सोडलेला नाही. सोनं कोजागरीपर्यंत देता येतं. इमारतीत आमच्याहून मोठं कुणी नाही, म्हणून बाहेर शोधतेय. टेम्पो भरून खाली उभा आहे.

तुमचं वय काय हो?