गुरुसिद्ध अण्णांची फळी

गुरुसिद्ध अण्णांच्या दाराची कडी वाजवली की आतून आधी "यारू?" असं येतं. म्हणजे "कोण?" त्यांच्या घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालतात. आपण नाव सांगायचं. नव्या माणसाला वाटतं, आता दार उघडेल. उघडत नाही. आतून दुसरा प्रश्न येतो, "कशावरनं?"

मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून अठरा वर्षं राहते. तरी परवा आमटी घेऊन गेले तर तेच.

"अण्णा, मी सुभद्रा. आमटी आणलीय."

"कशावरनं?"

मी सुभद्रा आहे हे कशावरून, का वाटीत आमटी आहे हे कशावरून, ते मला अजून कळलेलं नाही. मी वाटीवरचं झाकण काढते. वास फटीतून आत जातो आणि कडी निघते.

अण्णा आयुष्यभर यंत्रमागाचे मिस्त्री होते. चाळीस माग एकदम खडखडत असले तरी कुठल्या मागात काय बिघडलंय ते त्यांना दारातूनच कळायचं, असं लोक सांगतात. तिथंच संशयाची सवय लागली असावी. त्यांच्या घरात दोन घड्याळं आहेत. एक चुकलं तर दुसऱ्यानं सांगावं म्हणून. दोन्हींत चार मिनिटांचा फरक आहे, आणि त्यातलं खोटं कोण याचा तपास अजून चालू आहे. एकदा खोकला झाला तर ते दोन डॉक्टरांकडे गेले. दोघांनी एकच औषध लिहून दिलं. अण्णांनी ते घेतलंच नाही. "दोघं मिळालेत बे," म्हणाले.

त्यांची बायको शांतव्वा अक्का. ती दसऱ्याच्या आधी लेकीकडे दुधनीला गेली, ती परत आलीच नाही. अण्णा दर रविवारी एसटीनं जाऊन येतात. कुणी विचारलं तर "पडलीय, कमरंला लागलंय, बरी झाली की येईल" एवढंच सांगतात. गल्लीला ते पटत नाही. समोरच्या विमलबाईंचं म्हणणं असं, की अक्का वैतागून गेली. "कुणाला सोसल हो? चहा पुढं ठेवला तरी कशावरनं म्हणतंय ते माणूस."

संक्रांत झाली आणि अण्णांनी जुनी व्हॅन आणली. आणल्या दिवशी तिच्याभोवती सात फेऱ्या मारल्या, खाली वाकून बघितलं, टायरांचे वास घेतले. दुसऱ्या दिवशी मागची बाकडी काढून टाकली. तिसऱ्या दिवशी प्लायवूडची एक लांब फळी, लोखंडी अँगल आणि पोतंभर खिळे-बोल्ट आले, आणि ठोकाठोक सुरू झाली.

गल्लीला काम लागलं. अण्णा फळी कापत, मापत, बसवत आणि पुन्हा काढत. कुणी डोकावलं की व्हॅनचं मागचं दार धाडकन लावून घेत.

"काय करालाव अण्णा?"

"फळी."

"कशाला?"

"सामानाला."

"कसलं सामान?"

"तुला कोण पाठवलं इचारायला?"

मग काय, विमलबाईंनी निकाल देऊन टाकला. "दुधनी म्हंजी कर्नाटकाची हद्द. तिकडनं गुटखा आणणार बगा. फळी वर, माल खाली. म्हणून तर दर रविवारी जातंय." मी काही बोलले नाही. मी तशी कुठंच बोलत नाही. पण त्या रविवारी अण्णा परत आले तेव्हा त्यांच्या पिशवीकडे मी बघितलं, हे खरं. पिशवीत मेथी होती.

मी कडक भाकरी करते. ज्वारीची पातळ भाकरी भाजायची, मग धगीला उभी करून पापडासारखी वाळवायची. महिनाभर टिकते, पण हाताळायला काचेसारखी. सोलापूरबाहेरचं माझं एकच गिऱ्हाईक, सांगोल्याची एक खानावळवाली बाई. गेल्या खेपेला तिला दोनशे भाकरी टेम्पोनं पाठवल्या. तिचा फोन आला, "सुभद्राबाई, भाकरी मागितलेली, भुगा न्हवं. या खेपेला बी असंच झालं तर ऱ्हाऊ द्या." घरात बसून केलेली माझी वस्तू दुसऱ्या गावाला जाते, याचं मला फार अप्रूप होतं. आता तीनशे भाकरी पाठवायच्या होत्या, ती शेवटची संधी होती. नीट पोचली तर पुढं, नाहीतर संपलं.

हे मी फक्त आमच्या ह्यांना सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी अण्णा दारात. मधली भिंत पातळ आहे.

"सांगोल्याला मी नेतो."

मी तव्यावरची भाकरी उलटत होते.

"मोडत्यात म्हणं तुज्या भाकरी. माज्या फळीवर मोडणार न्हाईत. दाव एक."

तव्यावरून उतरलेली भाकरी त्यांनी टेपनं आडवी मोजली, उभी मोजली. मग दुसरी मागितली, कारण पहिलीवर भरवसा नव्हता. जाडी मोजताना बोट भाजलं. "गरम हाय म्हणून सांगायचं न्हाई व्हय?" म्हणाले. चुलीपुढं!

मला बरं वाटायला हवं होतं. पण ज्या माणसानं अठरा वर्षांत कुणाला सायकलचा पंपसुद्धा दिला नाही, तो मला फुकट सांगोल्याला का नेतोय? विमलबाई म्हणाल्या, "वरनं तुजी भाकरी, खालनं त्याचा माल. पोलिसानं धरलं तर तू पुढं."

निघायच्या दिवशी सकाळी आणखी एक घोळ झाला. अण्णांनी फळीवर भाकरींसाठी लाकडी चौकटीचा एक मजला उभा केला होता. प्रत्येक कप्पा मापात. पण भाकरी वाळली की तिच्या कडा वर उचलतात, पितळी ताटलीसारख्या. अण्णांनी मोजल्या होत्या गरम, सपाट. एका कप्प्यात वीस बसायच्या तिथं आठ बसल्या.

"भाकरी बदललीस तू," अण्णा म्हणाले.

"त्याच हायत अण्णा."

"कशावरनं? मी मोजली तवा सपाट हुती. आता वाटी झालीय."

"वाळली की अशीच होती."

"मग आदी सांगायचं न्हाई?"

"तुमी इचारलं न्हाई."

अण्णांनी हातातली भाकरी खाली ठेवली. म्हणाले, "जे बोलत न्हाईत त्यांच्या पोटात लई असतंय बग." मग स्वतःच चौकटीच्या आडव्या पट्ट्या काढल्या आणि चादरीच्या कारखान्यातल्या चिंध्या भाकरींच्या थरांत घातल्या. मी तेव्हा पहिल्यांदा व्हॅन आतून नीट बघितली. फळी तळावर नुसती ठोकलेली नव्हती. मागाच्या जुन्या चामड्याच्या पट्ट्यांवर टांगलेली होती. हात लावला की पाळण्यासारखी हलायची. फळीखाली मी वाकून बघितलं. रिकामं होतं.

"काय बघालीस?"

"काही न्हाई."

निघालो. मी पुढं अण्णांच्या शेजारी बसले आणि मान मागं वळवून ठेवली. मोठा रस्ता चांगला होता. भाकरी हलत होत्या, वाजत नव्हत्या. मला जरा धीर आला. आणि मंगळवेढ्याच्या अलीकडं अण्णांनी गाडी एकदम डाव्या हाताच्या कच्च्या रस्त्याला घातली.

"अण्णा, रस्ता तिकडं राहिला."

"म्हाईत हाय."

पहिला खड्डा आला. मागं काहीतरी करकरलं. दुसरा आला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ते खड्डा चुकवत नाहीत. बाजूला चांगली जागा असताना चाक बरोबर खड्ड्यात घालतात. पुढं एका झाडाखाली एक माणूस पोतं घेऊन उभा होता. मला वाटलं, झालं, हाच तो माल. गाडी त्याच्याजवळ गेली, हळू झाली. त्यानं पोत्यातला पाला शेळ्यांपुढं टाकला. आम्ही पुढं गेलो.

तिसरा मोठा खड्डा आला आणि मी ओरडले. मी!

"अण्णा, गाडी थांबवा! माज्या भाकरी हायत मागं. ह्या मोडल्या तर माजं गिऱ्हाईक गेलं. तुमी मुद्दाम खड्ड्यात घालालाय!"

"मुद्दामच घालालोय."

"का म्हणून?"

"सांगोल्यात सांगतो."

पुढचा रस्ता मी डोळे मिटून काढला.

खानावळीपुढं गाडी लागली. बाईंनी स्वतः चिंध्या उचलून एकेक थर बघितला. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी. शेवटी त्या म्हणाल्या, "अकरा मोडल्यात. गेल्या खेपंला अकरा बी साबूत न्हवत्या. पुढच्या म्हैन्यात चारशे आणा. आन ह्याच गाडीनं आणा." मी बोटावरचा पदर सोडला.

अण्णा मात्र खूश दिसेनात. मोडलेले तुकडे हातात घेऊन मला बाजूला बोलावलं.

"ह्या अकरा कुटल्या? डोक्याकडच्या का पायाकडच्या?"

"भाकरीला कुटलं डोकं अण्णा?"

अण्णा तुकडे एकावर एक लावत बसले. मग फळीवरचा चौकटीचा मजला दोन बोल्ट काढून उचलला आणि बाजूला ठेवला. खाली उरली ती नुसती लांब फळी. एका माणसाच्या लांबीची.

"लेकीच्या बाळंतपणाला गेली आन न्हाणीत पडली," ते म्हणाले. "मणक्याला चीर पडलीय. बसता येत न्हाई, निजूनच असती. हितं आणावं म्हणतो तर म्हणती, हलवू नका, जीव जातो माजा. अँब्युलन्सवाल्याला इचारलं. ते पळवणार गाडी, त्याला काय, त्येची बायको हाय का आत? दुधनीत लेकीच्या घरापासनं मोठ्या रस्त्यापतुर असाच रस्ता हाय, ह्यो आत्ता आलो तसा. म्हणलं, आदी नाजूक काहीतरी नेऊन बघावं. तुज्या भाकरीपरास नाजूक काय गावलं न्हाई."

पाच महिने आमची गल्ली या माणसाची बायको पळून गेली म्हणत होती, आणि मी एकदाही तसं नाही म्हणाले नव्हते.

"पर भाकरी बोलत न्हाई," अण्णा म्हणाले. "कुटं लागलं, किती लागलं, काय सांगत न्हाई. तू तिच्याच उंचीची हायस. जाताना मागं निजशील का?"

भर दुपारी, परक्या गावात, गाडीत आडवं व्हायचं. अण्णांनी काचांना आतून चादरी लावल्या, फळीवर चिंध्या पसरल्या आणि मी चढेपर्यंत खानावळीच्या पाटीकडे तोंड करून उभे राहिले. मी डोक्यावरून पदर घेऊन निजले.

परतीला त्यांनी तोच कच्चा रस्ता धरला. प्रत्येक खड्ड्याआधी पुढून आवाज यायचा, "आला! ... लागलं का?"

"न्हाई," मी म्हणायची.

"काय?"

"न्हाई."

"मोठ्यानं सांग की! इंजिन हाय मदी."

मग मी ओरडायला लागले. "न्हाई लागलं!" "थोडं!" "मानंला!" इतकं तर मी लग्नात नाव घेतानाही बोलले नव्हते.

एका ओढ्यावरच्या पुलावर मात्र कमरेत कळ गेली. न्हाई म्हणून टाकावं असं तोंडावर आलं होतं. म्हातारा माणूस, सकाळपासून उपाशी. पण अक्काचा मणका आठवला.

"लागलं!"

गाडी थांबली. अण्णा मागं आले. "कुटं?"

"कमरंला. डाव्या अंगानं."

त्यांनी फळीखाली हात घालून पट्टा दोन भोकं सैल केला. मग गाडी वळवली, पुलाच्या पलीकडं नेली आणि पुन्हा त्याच पुलावरून घातली.

"आता?"

"लागलं!"

पुन्हा उतरले, पुन्हा पट्टा, पुन्हा गाडी वळवली. ओढ्यात धुणं धुणाऱ्या दोन बायका हात थांबवून बघायला लागल्या. एकच गाडी पुलावरून जाते आणि येते, आणि आतून एक बाई "लागलं" म्हणून ओरडते, याचा त्यांनी काय अर्थ लावला असेल कोण जाणे. चौथ्या खेपेला थोडंच लागलं. पाचव्या खेपेला गाडी पुलावरून गेली ती मला कळलीच नाही.

"लागलं का?"

"न्हाई!"

गाडी पलीकडं उभी राहिली. इंजिन नुसतं चालू होतं.

मग अण्णा म्हणाले, "रविवारी तू बी चल दुधनीला. लागत न्हाई म्हणून तुजी तू सांग तिला. मी सांगितलं तर खरं वाटायचं न्हाई."

"येते," मी म्हणाले. ऐकू गेलं नाही. पुन्हा मोठ्यानं सांगितलं.