देविदासनानांचं मिलिंग

धुळ्यात आमच्या गल्लीतल्या देविदासनानांना वर्षभर एकच प्रश्न पडला होता आणि तो ते कुणालाही विचारत. न्हाव्याने गालावर वस्तरा टेकवला की नाना आरशातून म्हणायचे, "जुन्या मिलिंग मशीनला मोटारी आणि स्क्रीन बसवून घेऊ, का नवं कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी घेऊ? तुले काय वाटस?" साक्रीला एका दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना म्हणून सगळे ताटकळले होते. तेवढ्यात नानांनी मयताच्या जावयाचं मत घेतलं. जावई गुरांचा डॉक्टर होता. तो म्हणाला, नवंच घ्या.

पुढच्या खोलीत नानांचा लेथ, मागच्या खोलीत लोखंडाला खाचा पाडणारं मिलिंग मशीन. कापसाच्या जिनिंगला लागणारे सुटे भाग ते करून देत. मिलिंगचं काम इतकं सुबक, की शिरपूरचे जिनवाले दुसरीकडे जात नसत. मागच्या खोलीत मात्र कुणाला प्रवेश नव्हता. "मशीनला नजर लागते," असं नाना म्हणत. मी शेजारचा वेल्डिंगवाला, पण मलाही ते दारातूनच परत पाठवायचे.

शेवटी जळगावहून एक तरुण इंजिनिअर आला. तो जुनी मशीनं सुधारून द्यायचा, नवीही विकायचा. मशीन बघितल्याशिवाय तो काही सांगेना, म्हणून नानांना दार उघडावं लागलं. त्याच्या मागोमाग मीही आत घुसलो.

"नाना, एक कट मारून दाखवा," तो म्हणाला.

नानांनी हँडल धरलं, सोडलं, परत धरलं आणि उलटं फिरवलं. कटर करकरला. नानांची बायको सिंधूअक्का चहा घेऊन येत होती. तिने ट्रे खाली ठेवला, "सरका" म्हणाली आणि एका हाताने मशीनचं टेबल मागे घेतलं. मग पदर खोचून तिने अख्खा कट मारला.

नाना जमिनीकडे बघत होते. मी चहा गार होईपर्यंत ढवळत राहिलो.

"सुरुवातीला कारागीर सोडून गेला, तेव्हा हिने हँडल धरलं," नाना हळूच म्हणाले. "गिऱ्हाईक म्हणालं, नाना, काय काम केलंत. मी हो म्हणालो. एकदा हो म्हटल्यावर नाही कधी म्हणायचं?"

अक्काने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "नवंच ल्या," ती इंजिनिअरसमोरच नानांना म्हणाली. "मना खांदा रोज दुखस."

"मला वाटलं, तुझा या मशीनवर जीव आहे," नाना म्हणाले.

"लोखंडवर कसाना जीव?"

नवं मशीन ठरलं. ते शिकायला अक्काला जळगावला त्या इंजिनिअरच्या कंपनीत जायचं होतं. नानांनी मला सोबत नेलं, एकट्याने बाहेर बसायची लाज वाटत होती. अक्का आत गेली आणि नाना तिच्या जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बाहेर पायरीवर बसले. वॉचमनने विचारलं, "आत कोण आहे तुमचं?"

नानांनी मान वर केली नाही. "आमच्याकडची मिलिंग ऑपरेटर," ते म्हणाले. वॉचमन पुढे गेला. तो बराच लांब गेल्यावर नाना उठले आणि त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "मनी बायको बी शे ती."