उजव्या हाताची दाढी

"अहो, तुम्ही मरणार आहात," बायकोने चहाचा कप पुढे ठेवत सांगितलं.

"केव्हा?" डाव्याने विचारलं. त्याच्या सलूनमधली सगळी गिऱ्हाइकं त्याला डाव्याच म्हणायची, कारण तो सगळं डाव्या हाताने करायचा.

"ते दिलेलं नाही." तिने मोबाईलवर बोट सरकवलं. "पण डावखुऱ्या माणसांचा हृदयविकाराशी संबंध असण्याची शक्यता आहे म्हणे. रक्तवाहिन्या जरा ताठ असतात."

"शक्यता म्हणजे काय?"

"म्हणजे आजपासून तुम्ही उजवे."

लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि एवढ्यात विधवा व्हायची तिची तयारी नव्हती. तिने लोकरीचा मोजा आणला, त्याच्या डाव्या हातावर चढवला आणि मनगटाशी रबर बसवलं. डाव्याने हात पुढे धरून ठेवला. आपल्यासाठी कुणी एवढं घाबरलेलं त्याने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं, आणि ते त्याला आवडलं होतं. तिथेच सगळं नडलं.

जगात हात बदलून चालतील असे धंदे पुष्कळ असतील. वस्तरा चालवणं त्यांत मोडत नाही. दाढी करणं हा त्याच्या अक्षरशः डाव्या हाताचा मळ होता. उजव्या हाताला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आरशातला डाव्या मात्र उजव्या हाताने काम करत जन्म काढलेला, आणि आज तोच डावरा झाल्यामुळे दोघेही एकमेकांकडे संशयाने पाहत होते. पहिल्या गिऱ्हाइकाचा एक कल्ला कानाच्या वर गेला, दुसरा खाली राहिला. गिऱ्हाईक भलं होतं. "असू दे," ते म्हणालं, "मी तसाही एका कुशीवर झोपतो."

आणि मग दारात सासरे उभे राहिले. मागे बायको.

सासरे ट्रॅफिक हवालदार होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा निवृत्तीचा सत्कार होता. त्यांची मिशी पाहून ट्रक थांबत. शिट्टी ते केवळ नियम म्हणून वाजवत. या लग्नाला त्यांचा विरोध होता. "ज्याचा सुलटा हातच उलटा, त्याच्या हातात मुलगी कशी द्यायची?" असं त्यांनी चारचौघांत विचारलं होतं. जावयाचं नाव घ्यायचं टाळून ते त्याला आजवर 'ते सलूनवाले' म्हणत आले होते. आज मुलीने हट्ट धरला म्हणून ते त्याच्या खुर्चीत बसत होते. ही मिशी साधली तर तो जावई, नाहीतर कायमचा सलूनवाला.

"हाताला काय झालंय?" त्यांनी मोज्याकडे पाहिलं.

"हृदयविकार," बायको म्हणाली.

सासऱ्यांनी यावर थोडा विचार केला आणि डोळे मिटले.

बायको बसली होती त्या बाकाशी जाऊन डाव्या कुजबुजला, "आजच्या दिवस डाव्याने करतो ना गं."

"मला बाबाही हवेत आणि तुम्हीही," असं म्हणून ती नजर रोखून बसली.

दाढी कशीबशी पार पडली. मिशीचं डावं टोक जरा जास्त उडालं, म्हणून त्याने उजवं तेवढं केलं. ते त्याहून जास्त उडालं, म्हणून पुन्हा डावं. दोन्ही बाजूंना असा न्याय देता देता मिशी नाकाखाली येऊन थांबली. तिथून तिला जायला एकच जागा होती. ती तिथे गेली.

सासऱ्यांनी डोळे उघडले. आरशात बराच वेळ पाहिलं.

"हे कोण?"

कुणीच ओळख करून दिली नाही. सासरे उठले, गळ्यातल्या कापडासकट. डाव्या पळाला तो रस्त्यावर, मागून सासरे. "थांब! ए, थांब!" त्यांनी चौकात हात वर केला. एकही गाडी थांबली नाही. उलट एक स्कूटरवाला म्हणाला, "ओ काका, बाजूला व्हा ना."

डाव्याने मागे वळून पाहिलं तर सासरे जबडा धरून फुटपाथवर बसले होते, घामाने डबडबून. पळून जायला याहून चांगली संधी मिळाली नसती. तो परत आला.

"जबडा मोडलास माझा," सासरे धापा टाकत म्हणाले. "चल दवाखान्यात! डॉक्टरसमोर कबूल कर."

दवाखाना कोपऱ्यावरच होता. डॉक्टरांनी जबडा दाबून पाहिला. "इथे तर काहीच नाही. आधी कधी दुखला होता?"

"जिना चढलो की दुखतो. थांबलो की थांबतो. शिट्टीमुळे असेल."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी छातीला वायरी लावल्या, कागदावरच्या रेघा पाहिल्या आणि दुसरं काही न बोलता रुग्णवाहिकेला फोन केला. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात सासऱ्यांच्या हृदयाची बुजलेली रक्तवाहिनी मोकळी केली गेली.

"हृदयाचं दुखणं कधी कधी जबड्यात येतं," तिथले डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले. "आज भांडायला का होईना, ते दवाखान्यात आले. शिट्टीवर ढकलून घरी बसले असते तर…" वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

"पण बाबा तर उजवे आहेत!" बायको रडत म्हणाली.

"हृदयाला ते माहीत नसतं हो. त्या संबंधावर संशोधन चालू आहे, पक्कं काही नाही. हात बदलून उपयोग नाही. तंबाखू सोडा, चाला, तपासून घ्या."

तिने रबर काढलं, मोजा ओढून काढला आणि तो घामेजलेला हात दोन्ही हातांत धरून बसली. लोकरीचा वास येत होता. दोघांपैकी कुणालाही त्याचं काही वाटलं नाही.

सासऱ्यांनी खाटेवर आणून झोपवताच जावयाला बोलावलं. ओठावरच्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं. "बाळा," ते म्हणाले, "मिशी काय, परत येते." मग तोंड भिंतीकडे वळवलं, कारण हवालदाराला असं डोळे पुसताना कुणी पाहू नये.

पुढच्या महिन्यात एका सकाळी डाव्याने शटर वर केलं तर बाहेर रांग. सगळे निवृत्त हवालदार, आणि रांग सरळ ठेवायला सासरे.

पहिले गृहस्थ खुर्चीत बसले. डाव्याने सवयीने डाव्या हातात वस्तरा घेतला.

"छे छे, त्याने नको," ते घाईने म्हणाले. "सासऱ्यांची केलीत तशी करा. उजव्याने."

"अहो काका, त्याने तर…"

"कर रे बाळा," सासरे दारातून म्हणाले. "यांना महिनाभर सांगतोय तपासून घ्या म्हणून, ऐकत नाहीत. दाढी नाही झाली तरी चालेल, माणूस दवाखान्यापर्यंत पळत गेला पाहिजे."

डाव्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान डोलावली. त्याने वस्तरा उजव्या हातात घेतला, तसे काकांनी डोळे घट्ट मिटले, खुर्चीचे हात धरले आणि आधीच आभार मानून टाकले.