बंडोजीरावांनी खांब परत घेतल्याची हकीकत

श्रीगणराय, ग्रामदेव आणि सोसायटीची कमिटी यांस क्रमाने वंदन करोन, खांदा कॉलनी, पनवेल येथील श्वानकुलभूषण बंडोजीराव यांणी पिछाडीचे दोन्ही पाय निकामी जाहले असतां फाटकाबाहेरील खांब पुनश्च कैसा काबीज केला, त्याची हकीकत यथामति लिहितो. कोणी पुसेल, कुत्र्याची बखर कशास? पुसणाराने कुत्रा पाळिला नाही, येवढेच त्यास उत्तर.

बंडोजीरावांची उमर तेरा. रंग तांबूस, उजवा कान अर्धा, दुसरा अर्धा तारुण्यातील एका लढाईत खर्ची पडला. कुळ गावठी, परंतु मिजास ऐसी की पोळीस तूप नसल्यास पोळीकडे पाठ करोन बसावे, आणि पाहुणा पसंत न पडल्यास त्याची एक चप्पल, एकच, सोफ्याखाली दाखल करावी. आणि तेरा साले, रोज दोन वेळा, फाटकापासोन चाळीस पावलांवरील विजेच्या खांबापाशी जावोन, उजवी तंगडी वर करोन आपला शिक्का उठवावा, हा शिरस्ता. घरांत कधी थेंब सांडिला नाही.

ऐसियास मागील मासी रावांच्या कमरेने दगा दिला. मग धनी कमलाकरराव, बँकेच्या चाकरीतून निवृत्त, दोन्ही गुडघ्यांस पट्टे आणि खाली बसण्यास डॉक्टरांची सक्त मनाई, आणि त्यांचे कुटुंब शोभाबाई, यांणी जुन्या चादरीची झोळी करोन रावांस खाली नेण्याचा क्रम ठेविला. रावांस हे बहुत लाजिरवाणे वाटे. डोळे मिटोन जिन्यापाशीच काम उरकीत, आणि खांबाकडे पाहत नसत. इकडे तळमजल्याची सत्यवती नामे मांजरी खांबाच्या चौथऱ्यावर बैठक घालोन मुलूख आपलाच म्हणो लागली. ही बातमी रावांस गॅलरीतून कळली, आणि शनिवारी रावांनी अन्न टाकिले, आणि रविवारी सकाळी झोळीतून गेले ते कोरडेच परतले.

दोनप्रहरी जनावरांचे डॉक्टर येवोन, पोट दाबोन फर्माविते जाहले की, दिवस मावळेतों लघवी न जाहल्यास दवाखान्यात ठेवोन नळी घालणे लागेल, आणि ह्या वयात... शोभाबाई स्वयंपाकघरात जावोन रडल्या. कमलाकररावांनी टीव्ही लाविला आणि पाहिला नाही.

ते समयी जवळच्या कोन नामे गावाहून कुमक आली. हरेश, ग्रिल-दरवाजांचे कारागीर, यांस आठवड्यापूर्वी रावांच्या पिछाडीसाठी रथ करण्याची आज्ञा जाहली होती. ॲल्युमिनियमचे पाइप आणि बाबागाडीची चाके जोडोन केलेला रथ टेम्पोतून उतरवोन ते म्हणाले, "काका, माझी गॅरंटी हाय. आता हा कुनाला ऐकनार नाय."

आता नवे वाहन दारी आले म्हणजे पूजा, हा पनवेलचा कायदा, आणि तो दुचाकीस लागू, ट्रकास लागू, तर रावांचे रथासच का नाही? म्हणोन शोभाबाईंनी डोळे पुसोन कुंकवाचे स्वस्तिक काढिले, नारळ फोडिला, दोन्ही चाकांखाली लिंबे चिरडिली, आणि एवढ्या उमद्या जनावरास दृष्ट लागू नये म्हणोन पुढील दांडीस लिंबू-मिरची बांधिली. मग रावांस झोळीने खाली आणोन रथास जुंपिले, मागील दोन्ही पाय पट्ट्यांत अडकविले, आणि कमलाकररावांनी कूच करण्याचा हुकूम केला.

राव हलले नाहीत. शिंकले, तोंड फिरविले आणि मागे सरो लागले. मग बिस्किटे पुढे केली, आणि मग कोंबडीचा तुकडा, आणि मग हरेशने चाकांत तेल घालोन आपली गॅरंटी दोन वेळा तपासली, आणि राव तसेच. खांबाच्या चौथऱ्यावरोन सत्यवती हे सर्व फुरसतीने पाहत होती. ऊन उतरले. शोभाबाई म्हणाल्या, "राहू द्या हो, आणखी छळ नको त्याचा." कमलाकररावांनी दवाखान्याचा नंबर लावण्यास फोन काढिला.

इतक्यात संध्याकाळच्या भांड्यांस गुणाबाई आल्या. एकवार रथ पाहिला, एकवार राव पाहिले, आणि कमरेवर हात ठेवोन सर्व सरदारांस बोलत्या जाहल्या: "शोभाताई, घरात लिंबू कापला का हा गॅलरीत पलतो ना? मंग त्याच्याच नाकाखाली कशाला बांधलाव?"

तेरा साले ही गोष्ट घरांत सर्वांस ठाऊक आणि ऐन वेळी एकासही स्मरली नाही. ऐशा लोकांच्या हाती मोहीम होती, हे लिहिताना बखरकारास लाज वाटते. मग हरेशने लिंबू-मिरची तोडोन दूर फेकिली, शोभाबाईंनी चाके पाण्याने धुतली, आणि रावांनी नाक वर करोन हवा घेतली, आणि सत्यवती नजरेस पडली.

मग जे राव सुटले! चाके खडखडत, अर्धा कान ताठ, चाळीस पावले एका दमात. सत्यवतीने पंजा चाटला, आणि आपण निघणारच होतो ऐशा तोऱ्याने भिंतीवर चढोन गेली. खांब मोकळा जाहला.

आणि राव थांबले. काहीच होईना. रावांनी मान वळवोन आपल्या उजव्या पायाकडे पाहिले, आणि मग धन्याकडे पाहिले.

तेव्हां कमलाकररावांस उमगले. डॉक्टरांची मनाई विसरोन ते भर रस्त्यात गुडघे टेकोन बसले, कटकन आवाज जाहला तो सर्वांनी ऐकिला, आणि रावांची उजवी तंगडी पट्ट्यातून सोडवोन त्यांणी दोन्ही हातांनी वर धरिली, पूर्वी राव धरीत तितकीच उंच.

आणि मग शिक्का उठला. बहुत वेळ उठत राहिला. शोभाबाई हसता हसता रडल्या. हरेश टेम्पोत काही शोधो लागले, टेम्पोत काही नव्हते.

येणेप्रमाणे रविवारी सायंकाळी सहा वाजोन चाळीस मिनिटांनी खांब फत्ते जाहला. आमचेकडील नुकसान, लिंबे तीन. कमलाकररावांस उठविण्यास दोन माणसे लागली. राव फाटकापर्यंत एकटेच परतले आणि घरी पोळी खाल्ली, तूप पाहोन. तेव्हांपासोन रोज दोन वेळा स्वारी निघते आणि रोज दोन वेळा धनी गुडघे टेकितात. डॉक्टरांनी पुसले, गुडघे कैसे? बरे आहेत म्हणाले. खोटे बोलले.

हकीकत खरी. साक्ष गुणाबाईंची. मोहोर खांबावर आहे, ओली असतां पाहावी.