पट्टे फिरवणारी मावशी

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं माझी सख्खी बहीण चारचौघांत सांगत असते. तिला म्हणावं, ये आणि बघ! अकरा वर्षं मी आमच्या चर्चच्या तरुण संघाची प्रमुख आहे, आणि माझं राजकीय मत काय, याचा आजवर कोणालाही पत्ता लागलेला नाही. पोरांना नाही, पाळकसाहेबांना नाही. नवऱ्याला तर माझ्या चपलेचं मापही ठाऊक नाही, मत कुठून ठाऊक असणार!

याला कारण आहे. माझ्या आधीच्या प्रमुखांचा आवाज दणदणीत होता आणि मतं त्याहून दणदणीत. प्रार्थनेची सुरुवात देवापासून करायचे आणि शेवट नगरपालिकेवर. एका निवडणुकीत त्यांनी संघाला सांगून टाकलं, कोण चोर नि कोण साव. ज्या पोरांच्या घरचे त्या चोराच्या बाजूचे होते, ती दुसऱ्या रविवारी आलीच नाहीत. उरली सहा. त्या सहांची मी बावीस केली, एकेकाच्या घरी जाऊन, एकेकीच्या आईची समजूत काढून. त्यामुळे माझा नियम पक्का : पोरांना वाद घालायला शिकवायचं, स्वतःचं मत मात्र कुलपात!

यंदा तर कुलपाला कुलूप लावायची वेळ होती. कारण वॉर्डातून उभे राहिलेले दोन्ही उमेदवार आमच्याच चर्चचे. डाव्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर औषधाचे दुकानदार, उजव्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर निवृत्त मुख्याध्यापिका. दुकानदारांना बाजाराचा रस्ता रुंद करायचा होता, बाईंना त्या रस्त्यावरची झाडं वाचवायची होती. दुकानदारांचा मुलगा संघात, बाईंची नात संघात. आणि मध्ये मी, कात्रीच्या दोन पात्यांमधल्या कापडासारखी!

कापडावरून आठवलं. मी शिवणकाम करते. संघाचा वार्षिक रविवार जवळ आला, तसं मी जाहीर केलं, ‘‘यंदा गाणाऱ्या सगळ्यांना खांद्यावरून घ्यायला नवे पट्टे! मी शिवणार!’’

दातांच्या दवाखान्याच्या पडद्यांतून उरलेला जांभळा तागा कपाटात होताच. अस्तराला लिंबासारखं पिवळं कापड लावलं. पंधरा दिवस मशीनवरून मान वर केली नाही. बावीस पट्टे तयार! देखणे असे की मीच माझी दृष्ट काढावी.

रविवारी सकाळच्या उपासनेला पोरं रांगेत आत आली. बाकांवर एकदम कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, शिवणीचं कौतुक. तेवढ्यात दुकानदार उभे राहिले आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच टाळ्या वाजवायला लागले. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी गृहपाठ विसरून आले आहे.

गाणं संपताच दुकानदारांनी माझा हात धरून गदागदा हलवला. ‘‘ताई, तुम्ही तर कमालच केलीत! उघड पाठिंबा! आणि तोही गाण्यातून!’’

‘‘कसला पाठिंबा?’’

त्यांनी खिशातून पत्रक काढलं. जांभळं! झेंडा जांभळा, नाव जांभळं. सगळ्या बाजारात शनिवारी संध्याकाळीच लागलं होतं म्हणे. मी मशीनवर होते, मला काय कळणार!

दुपारच्या उपासनेला तास होता. पट्टे काढून टाकावेत? मग दुकानदारांना वाटणार, बाईनं जाहीर विरोध केला! ठेवावेत? मग मुख्याध्यापिकाबाई दुखावल्या, नातही गेली! घामाघूम झाले. आणि मग माझ्या सुपीक डोक्यात वीज चमकली.

‘‘पोरांनो, पट्टे उलटे घाला! अस्तर बाहेर!’’

‘‘मावशी, नक्की?’’ मुख्याध्यापिकाबाईंच्या नातीनं विचारलं.

‘‘पिवळ्याला कोणाचं काय देणंघेणं! घाला!’’

पिवळ्याला कोणाचं काय देणंघेणं होतं, ते दुपारी कळलं. मुख्याध्यापिकाबाईंचा रंग तोवर त्यांच्या छापखान्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हता, नातीलासुद्धा नाही. त्या दारातून आल्या त्या छातीवर तळहाताएवढी पिवळी फीत लावून! मागे चार समर्थक, चौघांनाही पिवळ्या फिती! समोर माझी बावीस पिवळी पोरं एका सुरात गात होती. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दुकानदारांच्या बायकोनं पर्स उचलली आणि ताडताड बाहेर गेली.

दारात चर्च कमिटीच्या अध्यक्षांनी मला गाठलं. आम्ही त्यांना आपसांत ‘कलम काका’ म्हणतो, कारण ते शिंकतानाही नियम बघून शिंकतात.

‘‘टोपी फिरवणारे खूप पाहिले, बाई. पट्टे फिरवणारी आजच पाहिली!’’

बुधवारी कलम काकांनी सभा बोलावली. पाळकसाहेब, कमिटी, दोन्ही उमेदवार, पोरांचे आईबाप आणि मागच्या भिंतीला टेकून माझी बावीस. दोन आया आल्या आल्याच म्हणाल्या, ‘‘आमची मुलं यापुढे संघात येणार नाहीत.’’ अकरा वर्षांचं काम बावीस पट्ट्यांत गुंडाळून जाणार!

कलम काका म्हणाले, ‘‘सोपं आहे. तुम्ही नक्की कोणाच्या, ते आत्ता सांगून टाका. नाहीतर पद सोडा.’’

‘‘सांगणार नाही,’’ मी म्हटलं. आवाज चिरकला, पण म्हटलं.

‘‘पोरांवर तुमचा प्रभाव आहे! त्यांना तुम्ही काय शिकवता, हे आम्हाला कळायला नको?’’

‘‘मी सांगतो!’’ मागून दुकानदारांचा मुलगा पुढे आला. ‘‘गेल्या महिन्यात रस्त्यावरून वादविवाद होता. मावशीनं मला झाडांच्या बाजूनं बोलायला लावलं.’’

दुकानदार ताडकन वळले. ‘‘माझ्या विरुद्ध?’’

‘‘आणि मला रस्त्याच्या बाजूनं!’’ नात म्हणाली. ‘‘तयारी करताना कळलं, आजी, अरुंद रस्त्यात रुग्णवाहिका अडकते, त्यावरचं तुझं उत्तर फारच कच्चं आहे.’’

‘‘बाबा, तुमच्याकडे तर रस्त्याचा आराखडाच नाही,’’ मुलानं भर घातली.

सभागृहात हास्याचा असा स्फोट झाला की कलम काकांच्या हातातली नियमावली पडली!

पाळकसाहेब मिस्कील. म्हणाले, ‘‘मुलांनो, चिठ्ठ्या लिहा. मावशी कोणाच्या बाजूची, तुम्हाला काय वाटतं?’’ पेन्सिली फिरल्या. त्यांनी एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचली. जांभळ्या दहा. पिवळ्या अकरा. आणि एकीवर लिहिलं होतं, ‘मावशी स्वतःच उभी राहणार आहे, पण आत्ता सांगत नाही.’

‘‘अकरा वर्षांत काहीही गळलेलं नाही!’’ पाळकसाहेब म्हणाले. ‘‘माझ्या चर्चचं छतसुद्धा असं नाही!’’

टाळ्या! त्या दोन आयासुद्धा! पद राहिलं, पोरं राहिली, बावीसची बावीस. वर असं ठरलं की दोन्ही उमेदवारांनी शुक्रवारी संघासमोर बसून प्रश्नांची उत्तरं द्यायची. दिली! पोरांनी दोघांना असं पिंजून काढलं की रविवारी औषधवाले बाईंना विचारताना दिसले, ‘‘तुम्ही त्या ड्रेनेजच्या प्रश्नाला काय उत्तर दिलंत हो?’’

मी आठवडाभर जमिनीपासून चार बोटं वर चालत होते. नवरा म्हणाला, ‘‘आता मला तरी सांग.’’ मी नुसती हसले. गूढ!

मतदानाच्या दिवशी, मस्तक उंच ठेवून, पडद्याआड गेले. समोर दोन नावं. रस्ता... बरोबर आहे. झाडं... तीही बरोबर आहेत. रुग्णवाहिका... मुळं... ड्रेनेज... मी उभी. मागे रांग उभी. शेवटी बाहेरून अधिकाऱ्यांचा आवाज आला, ‘‘बाई, आत मुक्काम आहे का?’’

तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझं मत लपवण्यात मी इतकी गुंतले होते की ते ठरवायचंच राहून गेलं होतं!

दिलं शेवटी, घाईघाईत. कोणाला दिलं, ते मात्र तुम्हालाही सांगणार नाही. तत्त्व वगैरे काही नाही हो. लाज वाटते.