मिश्राजींचा व्हरांडा

भोपाळच्या अवधपुरीतल्या आपल्या घराचा फोटो पुस्तकात येणार हे कळल्यापासून शांताराम डबीरांची झोप उडाली होती. निवृत्तीनंतर त्यांना एकच नाद होता. जुई साने या छायाचित्रकार मुलीची जाडजूड पुस्तकं हात धुऊन, पुसून, मांडीवर घेऊन बघत बसायचं. करोंदच्या मंडीत पोत्यांवर पहुडलेले हमाल, जुन्या भोपाळात जरीकाम करणाऱ्या आज्या ही मंडळी त्यांना नातेवाइकांहून जवळची वाटायची. त्यांच्यात कुठेतरी कोपऱ्यात आपणही असावं, एवढीच इच्छा होती. ती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

आता जुई भोपाळच्या घरांवर पुस्तक करत होती. तिने फोनवर बजावलं, "काका, घर आहे तसंच राहू द्या."

"पाहुणेही म्हणतात, काही करू नका," त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "आणि खरंच नाही केलं, तर?"

"अगं, पण ती..."

"ती फोटो काढून जाईल. नावं मला ठेवतील."

सासूबाईंचं पितळी तपेलं, पुरणयंत्र, पाट, नागपूरहून आलेली वेताची आरामखुर्ची, सगळं शेजारच्या मिश्राजींच्या व्हरांड्यात गेलं. बदल्यात त्यांचा मखमली सोफा आला. सोफ्यापुढे पडदे विटके दिसले, ते बदलले. पडद्यांपुढे भिंती मळक्या दिसल्या, त्या रंगवल्या. सोफ्यावर बसायला मात्र शांतारामरावांना बंदी होती.

जुई आली. दोघांना सोफ्यावर बसवून तिने चार फोटो काढले. शांतारामरावांनी दरवेळी डोळे मिटले.

"छान आहे घर," जुई हळूच म्हणाली. तिचा आवाज ऐकूनच ते काय ते समजले.

ती निघाल्यावर ते मिश्राजींच्या व्हरांड्यात गेले आणि आपल्या खुर्चीत तिचंच पुस्तक उघडून बसले. मिश्राजी मटार सोलत होते.

"फोटो हो गया, डबीर साहब?"

"हो भी गया, नहीं भी हुआ."

फाटकाबाहेर टॅक्सीची वाट बघत उभ्या असलेल्या जुईकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

काही महिन्यांनी पुस्तक आलं. शांतारामरावांनी हात धुतले. सोफा कुठेच नव्हता. मधल्या दोन पानांवर मात्र एक व्हरांडा पसरला होता. तपेल्यावर ऊन सांडलेलं, मटारांचा ढीग आणि वेताच्या खुर्चीत पुस्तकात बुडालेला एक म्हातारा. खाली छापलं होतं: 'मिश्राजींनी जपलेला जुना संसार. सोबत त्यांचे शेजारी.'

रत्नप्रभाबाई खूप वेळ बघत राहिल्या. "तपेलं किती सुंदर दिसतंय हो," त्या पुटपुटल्या आणि तडक कुंपणापाशी गेल्या. "मिश्राजी, आमचं सामान परत पाठवा."

"अब कैसे, भाभीजी? किताब में हमारे नाम से छप गया. सोफा आप ही रखिए."

दोघांची हुज्जत रंगली. तेवढ्यात शांतारामराव पुस्तक काखेत मारून निघाले.

"तुम्ही कुठे निघालात?"

"मिश्राजींकडे," ते जरा लाजत म्हणाले. "शेजारी म्हणून छापलंय, तर जायला हवं."