माळखडकवाडीचा समुद्र

पाथर्डी तालुक्यातल्या माळखडकवाडीच्या सरपंच लंकाबाई पिण्याच्या पाण्याचा टँकर मागायला तालुक्याला गेल्या आणि गावासाठी समुद्र घेऊन परत आल्या.

त्याचं असं झालं. जगभरचे समुद्र तापल्यामुळे, प्रवाळ पांढरे पडल्यामुळे आणि मासे थंड पाण्याच्या शोधात परागंदा झाल्यामुळे वरून आदेश आला होता, की प्रत्येक गावाने आपापला समुद्र दोन अंशांनी थंड करावा. तोवर इतर मागण्या विचारात घेऊ नयेत. मासे पोटासाठी मुलूख सोडतात हे ऐकून लंकाबाईंना खरंच वाईट वाटलं. दसरा झाला की त्यांचंही निम्मं गाव ऊसतोडीला निघून जातं.

"पर साहेब, आमच्याकडं समुद्र न्हाई."

"हे आधी कळवायचं. आता वाटप झालंय," समुद्र-शीतलीकरण कक्षाचे आबासाहेब म्हणाले.

हिवरे बाजार पाहून आल्यापासून माळखडकवाडीत ग्रामसभेशिवाय पान हलत नसे. कुऱ्हाडबंदी ठरावाने, लग्नातला डीजे बंद तोही ठरावाने. तेव्हा पाझर तलावात उरलेलं गुडघाभर गढूळ पाणी हाच आपला समुद्र, असा ठराव हात वर करून एकमताने झाला.

आबासाहेब आले, त्यांनी तापमापक बुडवला. चैत्रातल्या दुपारी पाणी अंघोळीला घ्यावं इतकं कढत होतं. त्यांनी सागरी उष्णतालाट जाहीर केली, जलचरांच्या हितासाठी म्हशींना समुद्रात उतरायला मनाई केली आणि शीतलीकरणासाठी टँकर मंजूर केला. ज्याच्यासाठी लंकाबाईंनी चपला झिजवल्या, तो टँकर दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर!

बाया हंडे घेऊन धावल्या. आबासाहेबांनी हात आडवा केला.

"हे पाणी समुद्रात ओतायचंय. तुमचा पिण्याच्या पाण्याचा अर्ज निकाली काढलाय. ज्या गावाला अख्खा समुद्र आहे, तिथे टंचाई कसली?"

लंकाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घराघरातली पोरं तहानलेली होती. पण त्या भांडल्या नाहीत. टँकरच्या सावलीतच त्यांनी तातडीची ग्रामसभा बोलावली. गावातले समस्त हंडे, कळश्या आणि रांजण हे समुद्राचे अविभाज्य भाग आहेत, असा ठराव मंजूर झाला.

"भरा गं समुद्र," लंकाबाई म्हणाल्या.

आबासाहेबांनी नियम आठवून पाहिले. हंड्याविरुद्ध एकही नव्हता.

गाव पोटभर पाणी प्यालं. संध्याकाळी आबासाहेबांनी लंकाबाईंच्या रांजणात तापमापक सोडला, तर समुद्र थेट अकरा अंशांनी उतरलेला. त्यांना भरून आलं. तांब्याभर समुद्र ते स्वतःही प्याले आणि तो पुन्हा तापू नये म्हणून पावसाळ्यापर्यंत रोज टँकर पाठवण्याची शिफारस त्यांनी जागेवरच केली.

रांजणाशेजारचा त्या दोघांचा फोटो 'अखेर समुद्र थंड झाला' या मथळ्याखाली मोबाईलवर फिरला. तुमच्याकडेही आला असेलच. तुम्हाला हायसं वाटलं, तुम्ही तो चार ग्रुपवर पुढे पाठवलात आणि एसी आणखी दोन अंश खाली आणून निवांत झोपलात.